अ‍ॅप बदलू नकोस, नावं वाच

तुझा मेल दोनदा वाचला. दर शुक्रवारी नव्या गाण्यांचा ढीग येऊन पडतो, 'सेव्ह' केलेली गाणी सहाशेच्या वर गेली, त्यातल्या एकाही कलाकाराचं नाव धड आठवत नाही, आणि जगभरातलं नवं ऐकायला जावं तर सगळं एकाच साच्यातून काढल्यासारखं वाटतं. एवढं सगळं लिहून शेवटी विचारतेस काय, तर कुठलं अ‍ॅप घेऊ?

कुठलंही घे. नाहीतर आहे तेच राहू दे. सहाशे गाणी साठवली आणि नाव एकाचंही आठवत नाही, हे तूच लिहिलंस आणि तिथून सरळ पुढे निघून गेलीस. दुखणं तिथेच आहे, बाई. गाण्यामागची नावं वाच. कोण गातंय एवढंच नव्हे. निर्माता कोण, ध्वनिमुद्रण कुठे झालं, मिक्सिंग (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणं) आणि मास्टरिंग (त्यावर शेवटचा हात फिरवणं) कोणाचं, लेबल, म्हणजे गाणं बाजारात आणणारी कंपनी, कुठलं. पत्र कितीही लांबलं तरी याहून वेगळं मी काही सांगणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

अ‍ॅपमधलं शिफारशी करणारं यंत्र मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या सवयी एकमेकींशी ताडून पाहतं : ज्यांनी हे ऐकलं, त्यांनी तेही ऐकलं. त्यासाठी आधी कोणीतरी ऐकलेलं असावं लागतं. काल रात्री आलेलं, चाळीस जणांनी ऐकलेलं गाणं असेल तर ताडायला हाताशी काहीच नसतं. संगणकवाले याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. ही उणीव गाण्याचा ध्वनी तपासून थोडीफार भरून काढता येते. पण मग तू आधी ऐकलेल्याशी वेग आणि पोत जुळतो तेच पुन्हा पुढ्यात येतं. तुला साचा जाणवतो तो इथून. यंत्राची त्यात काही लबाडी नाही. नवोदिताला शोधणं हे त्याच्या बांधणीतच अवघड आहे, आणि तू नेमकं तेच काम त्याच्यावर सोपवून बसली आहेस.

शुक्रवारचंही सांगतो. 10 जुलै 2015 पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी काढायची प्रथा पडली. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार होता, अमेरिकेत मंगळवार. आता मोठ्या कंपन्या आणि घरी बसून गाणी करणारी पोरं एकाच दिवशी, एकाच दारातून आत शिरतात. गर्दीत कोण दिसणार ते उघड आहे. म्हणून शुक्रवारी ऐकूच नकोस. शुक्रवारी फक्त नावं टिपून ठेव, ऐकणं मंगळवार-बुधवारी. शिवाय बँडकॅम्प या कलाकारांकडून थेट गाणी विकत घेण्याच्या संकेतस्थळावर कलाकार कुठल्याही वारी गाणं काढतात, ते शुक्रवारच्या याद्यांत सापडतच नाही.

आता नावं वाचायची कशी? अल्बमच्या पानावर अगदी तळाशी जा. तिथे वर्तुळातलं पी हे चिन्ह, वर्ष आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाचं नाव असतं. ते बहुतेक वेळा लेबल असतं. तिथे एखादा लांबलचक आकडा आणि पुढे 'रेकॉर्ड्स डीके' असं दिसलं, तर कलाकारानं डिस्ट्रोकिड या गाणी अ‍ॅपांवर पोचवणाऱ्या सेवेमार्फत स्वतःच गाणं चढवलंय असं समज, लेबल नाही. मग गाण्याशेजारच्या तीन टिंबांवर दाबून श्रेयनामावली उघड आणि निर्मात्याचं नाव घे. लेबल असेल तर स्पॉटिफायच्या शोधपट्टीत रोमन लिपीत लेबल हा शब्द, त्याला चिकटून कोलन, आणि अवतरणचिन्हांत लेबलचं नाव लिही. त्या लेबलचं काम समोर येतं. तेच नाव डिस्कॉग्ज या रेकॉर्डांची सूची ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाकून वर्षानुसार लाव. कॅटलॉग क्रमांक (लेबलनं आपल्या प्रत्येक प्रकाशनाला दिलेले) ओळीनं दिसतात, मधला एखादा राहून गेला असेल तर तोही कळतो.

श्रेयं सगळ्यात नीट सापडतात ती बँडकॅम्पवर, कारण ती बहुधा कलाकार नाहीतर लेबलच भरतं. पान खाली सरकवलंस की प्रकाशनाची तारीख, श्रेयं आणि टॅग. टॅगांत गावाचं नावही असतं. त्यावर दाबलं की त्याच गावातले बाकीचे. आणि ज्यांनी तो अल्बम विकत घेतला त्यांची छोटी छोटी चित्रं तिथे असतात, तीही नावंच आहेत. एकेक उघडून बघ. ज्याच्या संग्रहात तुला आवडलेल्या तीन गोष्टी निघाल्या, त्याला फॉलो कर. एक गोष्ट जुळली तर योगायोग म्हण आणि सोडून दे.

हे सगळं कशासाठी, त्याचा एक दाखला. साहेल साउंड्स या छोट्या लेबलनं 2011 मध्ये सहारातल्या लोकांच्या मोबाइलवर सापडलेल्या गाण्यांचं संकलन काढलं. तिकडे ही गाणी मेमरी कार्डांवरून आणि ब्लूटूथनं एकमेकांना दिली जात होती. त्यात नायजरच्या म्दू मोक्तार या गिटारवादकाचं गाणं होतं. मॅटाडोर या बऱ्याच मोठ्या लेबलवर त्याचा अल्बम आला 2021 मध्ये, आणि तेव्हा पुष्कळांनी त्याला 'नवा' म्हटलं. लेबलचं नाव लक्षात ठेवणाऱ्याला तो दहा वर्षं माहीत होता. दुसरा दाखला युगांडातल्या कंपालाच्या न्येगे न्येगे टेप्स या लेबलचा. 2017 मध्ये त्यांनी टांझानियातल्या दार-एस-सलामच्या सिस्सो स्टुडिओतल्या सिंगेलीचं संकलन काढलं. मिनिटाला दोनशेच्या वर ठोके असलेलं हे वेडं संगीत. त्याच वर्तुळातल्या जे मिट्टाचा अल्बम त्याच लेबलवर 2018 मध्ये आला, खुद्द सिस्सोचा 2019 मध्ये. स्टुडिओचं एक नाव टिपलं असतं तर पुढची दोन वर्षं आपोआप उलगडली असती.

तू म्हणशील, मिन्स्कच्या मोल्चात दोमा या गटाला तर यूट्यूबच्या शिफारशींनीच जगभर नेलं. नेलं, मान्य. पण त्यांचा तो 2018 चा अल्बम बर्लिनच्या डेट्रिटी या चिमुकल्या लेबलवर आला होता, आणि त्या लेबलचे गिऱ्हाईक असलेल्यांना यंत्राची वाट बघावी लागली नाही. यंत्र पोचतं, कधीकधी फार छान पोचतं. पोचतं ते गर्दी जमल्यावर.

या गटाचं नाव शोधायचं तर सिरिलिक लिपीत शोध. अरबी, कोरियन, जपानी, थाई सगळ्यांना हेच लागू. रोमन लिपीत एकाच नावाची चार रूपं होतात आणि निम्मे निकाल गळतात. मूळ अक्षरं कलाकाराच्या पानावरून उचलून चिकटव. याच्या उलट गोंधळ म्हणजे एकाच नावाचे दोन कलाकार एकाच पानावर कोंबलेले. अचानक शैली बदललेली दिसली की म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या माहितीकोशावर तपास, तिथे नावापुढे देश किंवा शैली लिहून सारख्या नावांचे कलाकार वेगळे केलेले असतात. आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाला दिलेला ओळखक्रमांक, त्याच्या पहिल्या दोन अक्षरांवरून मात्र कलाकाराचा देश ठरवू नकोस. ती अक्षरं क्रमांक देणाऱ्याच्या नोंदणीची असतात, गाणं कुठे झालं याच्याशी त्यांचा संबंध असेलच असं नाही.

अलीकडे नावं वाचायला आणखी एक कारण झालंय. डीझर या गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपनं स्वतः जाहीर केलेला हिशेब आहे : रोज त्यांच्याकडे येणाऱ्या गाण्यांपैकी जानेवारी 2025 मध्ये सुमारे 10 टक्के गाणी संपूर्णपणे एआयनं केलेली होती, एप्रिलमध्ये 18 टक्के. ना निर्माता, ना वादक, ना गाव, ना कुठे मैफल, आणि तीन महिन्यांत चार अल्बम, असं दिसलं की थांब. मात्र घाई करून कोणावर शिक्का मारू नकोस. खोलीत एकट्यानं काम करणाऱ्या खऱ्या मुलामुलींच्या श्रेयातही एकच नाव असतं. फरक असा की त्यांचा माग दुसऱ्या कोणाकडे तरी सापडतो : एखाद्या रेडिओच्या मिक्समध्ये, कोणाच्या आभारात, कार्यक्रमाच्या पत्रकात.

रेडिओ ऐक, पण स्टेशन धरू नकोस, माणूस धर. लंडनचं एनटीएस 2011 पासून चालू आहे. कार्यक्रमाच्या पानावर गाण्यांची यादी देतात. सिअ‍ॅटलचं केईएक्सपीही वाजलेलं गाणं नावानिशी दाखवतं. दोन किंवा तीन निवेदक निवड, त्यांचे कार्यक्रम पूर्ण ऐक आणि एका कार्यक्रमातून तीनच नावं घे. महोत्सवांची पत्रकं खालून वर वाच. उट्रेख्तचा ल गेस हू, क्राकुफचा अनसाउंड, युगांडातला न्येगे न्येगे, वोमेक्स या जगभरच्या संगीताच्या दरवर्षीच्या मेळाव्यातले निवडक कार्यक्रम. मोठ्या अक्षरातली नावं तुला माहीत असतातच. बारीक अक्षरात ज्यांना बसवलंय त्यांच्यासाठी कोणीतरी जाणकारानं भांडून जागा मिळवलेली असते.

आता प्रमाण, कारण तुझा घोळ हावरेपणाचाही आहे. बारा लेबलं. चाळीस नाही. चाळीस धरलीस की रोज मेलचा पूर येतो आणि महिन्याभरात तू सगळीच बंद करशील. आठवड्याला पाच अल्बम, प्रत्येक दोनदा : एकदा फोन उलटा ठेवून, दुसऱ्यांदा श्रेयं समोर घेऊन. एक वही किंवा साधी स्प्रेडशीट कर. तारीख, कलाकार, गाव, लेबल, निर्माता, मास्टरिंग, कुठून कळलं. शेवटचा रकाना मुळीच गाळू नकोस. कोणाची शिफारस तुला फळते ते त्याच्यावरूनच कळतं. एखादं नाव तिसऱ्यांदा आलं की त्याचा पाठलाग सुरू कर. तुझ्या त्या सहाशेतली वीस गाणी उचल आणि हे रकाने भर. कंटाळवाणं आहे. कर.

बारा निवडताना दोन सापळे आहेत. अ‍ॅनालॉग आफ्रिका, ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका, हबीबी फंक ही लेबलं माझ्या आवडीची, पण त्यांचं मुख्य काम जुनं ध्वनिमुद्रण पुन्हा काढण्याचं. प्रकाशनाचं वर्ष नवं दिसतं, गाणं तुझ्या आईबापांच्या वयाचं असतं. दुसरा सापळा जास्त खोल आहे. आफ्रिकेचं किंवा अरब देशांचं संगीत काढणारी कितीतरी लेबलं युरोप-अमेरिकेत बसलेली आहेत आणि निवड त्यांच्या कानाची आहे. म्हणून बारापैकी निदान पाच लेबलं कलाकारांच्याच देशातली घे. नायजेरिया-घानासाठी ऑडिओमॅक आणि बूमप्ले ही अ‍ॅपं उघड, अरबीसाठी अंघामी. तिथलं तिथे काय वाजतंय ते बघितल्याशिवाय 'जगभरातलं' हा शब्द वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

आणि आवडलं तर विकत घे. यावरून मला जुन्या वळणाचा म्हणतात, म्हणू देत. 2024 पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या 12 महिन्यांत 1,000 वेळाही कोणी ऐकलेलं नाही, त्याच्या ध्वनिमुद्रणाचं मानधन निघतच नाही. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ती नेमकी हीच माणसं. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून 15 टक्के कापतं, आणि मार्च 2020 पासून ठरावीक शुक्रवारी तेवढेही घेत नाही. खरेदी त्या दिवसांसाठी राखून ठेव. फ्लॅक (ध्वनीचा दर्जा न घटवणारी) फाइल उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेव. हा हट्ट उगाच नाही. नव्या गाण्यांची शैलीवार मांडणी करणारं एव्हरी नॉइज अ‍ॅट वन्स हे फार गुणी संकेतस्थळ, त्याचा कर्ता डिसेंबर 2023 च्या कपातीत स्पॉटिफायमधून गेला आणि त्यावर नवी माहिती येणं थांबलं. बँडकॅम्पचीही 2022 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये मालकी बदलली. जे हाताशी आहे ते उद्या असेलच असं नाही. वहीतली नावं मात्र कुठल्याही नव्या ठिकाणी टाकून शोधता येतात. म्हणून तर म्हणतो, अ‍ॅपचं विचारू नकोस.

एक राहिलं. कलाकारांना लिहायला संकोचतेस असं तुझ्या मेलवरून वाटलं. लहान कलाकाराला दोन ओळी पुरतात, पण त्यात 'मस्त अल्बम' नको. श्रेयं वाचून नेमकं विचार : तिसऱ्या गाण्यातला ढोल कोणी वाजवला, मास्टरिंग करणाऱ्याकडे कसे पोचलात, तुमच्या गावात सध्या आणखी कोण काम करतंय. शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं तर बहुधा दोन-तीन नावं येतात आणि ती अजून कुठल्याच यादीत नसतात. उतरवून घेताना अक्षरं त्यांनी लिहिली तशीच ठेव, स्वतःच्या मनानं सुधारू नकोस.