काल्पनिक प्राणी आणि योद्धे रंगवायचे आहेत, पण दृश्यच सुचत नाही. काय करावं?

तुमचा हात चांगला आहे, ड्रॅगन आणि योद्धा वेगवेगळे छान जमतात, पण एका चित्रात आणले की दर वेळी तीच उगारलेली तलवार आणि तोच वासलेला जबडा होतो, असं तुम्ही लिहिलंय. आणि शेवटी विचारलंय, 'सगळं कल्पनेतलंच आहे, तर रेफरन्स, म्हणजे खऱ्या वस्तू किंवा फोटो, बघायची गरज असते का?' या शेवटच्या वाक्यामुळेच लिहायला बसले.

हे वाक्य मी एका प्रकाशकाच्या टेबलापलीकडून ऐकलंय. कादंबरीच्या मुखपृष्ठाचं काम होतं. गोष्टीत एक योद्धी म्हाताऱ्या ड्रॅगनला मारायला डोंगर चढून जाते आणि त्याला न मारता परत येते. मी दोनदा हस्तलिखित वाचलं आणि लढाई बाजूला ठेवली. चित्रात ड्रॅगनचा पंख कडेला फाटलाय आणि ती तो शिवतेय. हातमोजे काढून तिने त्याच्याच पुढच्या नखाला अडकवलेत. सुई दातात धरलीय, कारण पंखाच्या फाटलेल्या कडा जुळवायला दोन्ही हात लागतात. ड्रॅगनने मान दुसरीकडे वळवलीय आणि दुसऱ्या पायाची नखं खडकात रुतवलीत. सूर्य पंखाच्या मागे आहे. पातळ कातडीतून उजेड आरपार येतो तेव्हा ती तांबूस पेटते आणि आतल्या शिरा दिसतात. उन्हाकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाच्या कानाची पाळी बघा, तसंच. तो रंग मिळवायला मी सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि त्याच उजेडात तिचा अर्धा चेहरा आहे.

प्रकाशकांनी ते बघितलं आणि म्हणाले, "लढाई कुठंय? तलवार वर पाहिजे, तोंडातून आग पाहिजे." मग माझ्या वहीतली वटवाघळांच्या पंखांची स्केचेस उलटत म्हणाले, "एवढं कशाला? ड्रॅगन कुणी पाहिलाय?"

ड्रॅगन कुणीच पाहिलेला नाही, पण पंख सगळ्यांनी पाहिलेत. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा पंजा असतो. लांब झालेल्या बोटांच्या मध्ये कातडी ताणलेली आणि अंगठा मोकळा. हे माहीत नसलेला चित्रकार छत्रीच्या काड्या काढतो, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी खोटं जाणवतं. चार पाय अधिक दोन पंख म्हणजे सहा अवयव. त्या जादा जोडीचे स्नायू कुठे बसवणार याचं उत्तर छातीत आणि खांद्यात दिसायलाच हवं. खऱ्या प्राण्यांकडे बघा, हेच लिओनार्दो दा विंचीनेही लिहून ठेवलंय. ड्रॅगन खरा वाटायला हवा असेल तर डोकं मॅस्टिफ कुत्र्याचं घ्या, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, भुवया सिंहाच्या, मान पाणकासवाची. जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ मध्ये गेंडा न बघता, फक्त वर्णन आणि एका रेखाटनावरून काढला. खऱ्या गेंड्याला नसतं असं एक जादा शिंगही पाठीवर दिलं, तरी युरोपने तो अठराव्या शतकापर्यंत खरा मानला. 'बघा, न बघता जमलं' असं म्हणणारे मला भेटलेत. अहो, त्याने गेंडा पाहिला नव्हता, चिलखत पाहिलं होतं. त्या गेंड्याच्या अंगावरची तबकडी न् तबकडी चिलखतासारखी जोडलेली आहे.

योद्ध्यांचंही तेच. पूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोचं असतं आणि ते वजन सगळ्या अंगावर वाटलेलं असतं, त्यामुळे माणूस त्यात धावतो, घोड्यावर चढतो. दोन हातांनी धरायची लांब तलवार बहुधा दीड किलोच्या आसपास. मग चित्रातला योद्धा ती गर्डर उचलल्यासारखी का उचलतो?

मुखपृष्ठ त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं. माझं चित्र पुढे एका प्रदर्शनात लावलं. तिथे एक बाई बराच वेळ थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "डोंगराच्या टोकावर हिला धागा कुठून मिळाला?" मी काही बोलायच्या आत त्यांनाच खाली खडकाला टेकवलेलं धनुष्य दिसलं, प्रत्यंचा सोडलेलं. प्रत्यंचा अनेक पदरांची असते. तिने त्यातला एक उलगडून घेतलाय. मला दृश्य म्हणजे हे वाटतं. 'धागा कुठला' हे मी स्वतःला आधी विचारलं म्हणून धनुष्य आलं. धनुष्य आलं म्हणून ती आता निःशस्त्र आहे हे कळलं, आणि त्यावरून तिचे खांदे कसे असतील ते कळलं.

तर दृश्य कसं सुचतं? लढाईच्या आधीचा किंवा नंतरचा तास घ्या. कुणाला काय दुखतंय, कुणाला झोप येतेय, ओझं कुणी उचललंय, हे विचारा. थंबनेल्स, म्हणजे छोटी-छोटी कच्ची रेखाटनं, काढा, पहिली दोन-चार टाकून द्या, ती सगळ्यांना सुचतात. प्राणी प्रचंड वाटायला हवा असेल तर त्याचा लांबचा भाग फिकट, निळसर होऊ द्या. नुसतं माणसाला बारीक करून भागत नाही.

लढाई काढूच नये असं मात्र मी म्हणत नाही. रविवर्म्यांचं जटायूवधाचं चित्र लढाईचंच आहे. पण त्यांनी पंख छाटला गेल्यानंतरचा क्षण निवडलाय, आणि सीतेने डोळे झाकलेत. आणि रेफरन्स म्हणजे दुसऱ्याचा फोटो उचलून त्यावर रंग चढवणं नव्हे. आरशासमोर स्वतः उभं राहा, हातात काठी धरा.

मुखपृष्ठाची कामं घेणार असाल तर मूळ चित्राचा हक्क चित्रकाराकडे राहील, ही ओळ करारात घालूनच घ्या. मी घातली होती. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्याच प्रकाशकाने ते पंख शिवण्याचं चित्र मागितलं, आणि मी नाही म्हणून सांगितलं.