पती अडते, पत्नी शेतकरी : बाजार समितीवर निवडून जाता येईल का?

प्रश्न : नाशिक जिल्ह्यातील एका कांदा उत्पादक भगिनींना आपल्या तालुक्याच्या बाजार समितीची निवडणूक शेतकऱ्यांमधील महिला राखीव जागेवरून लढवायची आहे. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली, म्हणजे पतीच्या जमिनीवर पत्नीचे नाव लावण्याच्या योजनेखाली, सातबाऱ्यावर त्यांचे नाव लागलेले आहे. मात्र त्यांच्या पतीकडे त्याच बाजार समितीचा अडत्याचा (शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देणाऱ्याचा) परवाना असल्याने ‘अडत्याची बायको शेतकऱ्यांच्या जागेवर बसू शकत नाही’ असा आक्षेप घेतला जाईल, असे विरोधकांनी आतापासूनच बोलून दाखवले आहे. पतीने परवाना परत करावा की मुलाच्या नावे करावा, असे त्यांनी विचारले आहे. शेतकरी असूनही आपल्याला मतदान का करता येत नाही, हा त्यांचा दुसरा प्रश्न आहे.

उत्तर : विरोधकांचा आक्षेप जसा मांडला आहे तसा टिकणारा नाही, परंतु तो अगदीच पोकळही नाही. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, 1963 मधील व्याख्येनुसार जी व्यक्ती स्वतः, कुळांमार्फत, मजुरांकडून किंवा अन्य प्रकारे शेतमाल पिकवते ती शेतकरी होय; मात्र शेतमालाचा व्यापारी किंवा दलाल स्वतः शेती करीत असला, तरी तो या कायद्यापुरता शेतकरी ठरत नाही. लिलाव, वजनमाप आणि शेतकऱ्याचे पैसे वेळेवर चुकते होणे यांवर समितीची देखरेख असते आणि ज्याच्यावर देखरेख ठेवायची त्यानेच शेतकऱ्याच्या खुर्चीत बसू नये, हा त्यामागचा हेतू असून तो मला रास्त वाटतो. व्यापारी व अडत्यांसाठी कलम 13 खाली दोन वेगळ्या जागा ठेवलेल्याच आहेत.

ही व्याख्या व्यक्तीला लागू होते. त्यामुळे पतीचा परवाना एवढ्याच कारणाने तुम्ही व्यापारी ठरत नाही. आक्षेपाला धार येईल ती पतीच्या गाळ्याच्या, म्हणजे बाजारातील अडत दुकानाच्या, व्यवसायात तुमचा हिस्सा निघाला तर, मग तो भागीदारीतील असो वा संयुक्त कुटुंबाच्या व्यवसायातील. म्हणून परवान्यावर कोणाचे नाव आहे, भागीदारीपत्र झाले आहे का आणि जीएसटी नोंदणीत व प्राप्तिकर विवरणपत्रात मालक म्हणून कोणाला दाखवले आहे, हे आधी तपासावे आणि सध्याच्या निवडणूक नियमांतील अपात्रतेच्या तरतुदी त्यासमोर ठेवून वाचाव्यात.

गाळ्याच्या चालू खात्यावर सही करण्याचा अधिकार तुम्हालाही आहे, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. माझ्या मते खरा धोका तेथे आहे. केवळ सहीच्या अधिकाराने कोणी भागीदार होत नाही हे खरे, पण शेतकऱ्यांना जाणारे धनादेश तुमच्या सहीचे असतील, तर छाननीच्या वेळी तोच कागद पुढे केला जाईल. हा अधिकार आताच लेखी अर्ज देऊन काढून घ्यावा आणि बँकेची पोच जपून ठेवावी.

परवाना परत करण्याची किंवा मुलाच्या नावे करण्याची गरज मला दिसत नाही. ऐन निवडणुकीच्या तोंडावर केलेली अशी फिरवाफिरव उलट संशयच वाढवते.

तुमच्या बाजूचा पुरावा मात्र भक्कम हवा. सातबाऱ्यावर तुमचे नाव खातेदार म्हणून आहे की इतर हक्कांच्या रकान्यात, हे पाहावे. ई-पीक पाहणीत कांद्याची नोंद असावी. तुम्ही सोबत पाठवलेल्या हिशोब पट्ट्यांवर (माल विकल्यावर अडत्या देतो त्या पावत्यांवर) शेतकऱ्याचे नाव म्हणून तुमच्या सासऱ्यांचे नाव आहे. ट्रॅक्टर घेऊन जाणारा जे नाव सांगतो तेच पट्टीवर येते, हा सगळीकडचाच अनुभव आहे. जुन्या पट्ट्या बदलण्याच्या फंदात पडू नये. येथून पुढचा माल स्वतःच्या नावे आणि शक्यतो पतीच्या गाळ्याऐवजी दुसऱ्या अडत्याकडे लावावा.

मतदानाविषयी थोडक्यात सांगतो. मतदानाचा हक्क कायदा देईल तेवढाच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ज्योती बसू प्रकरणात 1982 मध्ये स्पष्ट केले आहे. किमान 10 गुंठे जमीन असलेल्या आणि पाच वर्षांत तीनदा समितीत माल विकलेल्या शेतकऱ्याला 2017 मध्ये थेट मताधिकार मिळाला होता, तो 2020 मध्ये काढून घेण्यात आला. त्यामुळे 2023 च्या निवडणुकांत शेतकऱ्यांच्या जागांसाठी गावोगावच्या सहकारी सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य यांनीच मतदान केले. मतदार नसलेल्या शेतकऱ्याला उमेदवारीची वाट मात्र मोकळी होती. ही तरतूद वारंवार बदलत आल्याने अर्ज भरण्याच्या दिवशी लागू असलेला मजकूरच प्रमाण मानावा.

छाननीत आक्षेप आलाच, तर त्याची प्रत मागून लेखी उत्तर द्यावे आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा सकारण आदेश त्याच दिवशी हाती घ्यावा, कारण अपिलाची मुदत फारच तोकडी असते. थेट उच्च न्यायालयात धाव घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर घाई करू नये. मतदार यादी तयार करणे हादेखील निवडणूक प्रक्रियेचाच भाग असून एकदा सुरू झालेल्या प्रक्रियेत न्यायालयाने सहसा हस्तक्षेप करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये महाराष्ट्रातीलच एका सहकारी दूध संस्थेच्या प्रकरणात म्हटले आहे.

भागीदारीपत्रावर तुमचे नाव निघाले, तर मात्र शेतकऱ्यांच्या जागेसाठी अर्ज भरू नये, असेच मी सुचवेन.