नोकरीसाठी अमेरिकेला चाललोय. डीमॅटमधले शेअर्स आणि म्युच्युअल फंड तिथल्या ब्रोकरकडे नेता येतील का? तिथे अख्खं खातं एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे हलतं असं ऐकलंय. नाहीतर खातं आहे तसं ठेवून पासवर्ड वडिलांकडे द्यायचा बेत आहे. आणि गावाकडच्या शेतीचं काय?

नाही, नेता येत नाहीत. आपले शेअर्स एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअर्स सांभाळणाऱ्या भारतीय संस्थांकडे असतात आणि तिथून ते अमेरिकन ब्रोकरच्या खात्यात सरळ पाठवायची सोय नाही. अमेरिकेत एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे अख्खं खातं हलतं हे तुम्ही ऐकलंय ते खरं आहे, पण ते त्यांच्या देशातल्या देशात. म्हणून घाबरून सगळं विकू नका. शेअर्स भारतातच राहू द्या, फक्त खात्याचा प्रकार बदला.

मी लातूरला गुंतवणुकीची कागदपत्रं करून देतो. निलंगा, औसा, उदगीरकडची बरीच पोरं आता बाहेर असतात आणि तुम्ही म्हणता तसाच बेत बहुतेकांच्या घरी ठरलेला असतो: खातं आहे तसं ठेवायचं, पासवर्ड वडिलांकडे द्यायचा. कृपा करून हे करू नका. नोकरीसाठी देश सोडला की फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानं तुम्ही त्या दिवसापासून अनिवासी होता, आणि जुनं निवासी खातं तसंच वापरणं नियमाबाहेर ठरतं. 182 दिवसांचा हिशेब इन्कम टॅक्सचा आहे, तो इथे लावू नका. फेमाचा दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि कागदावर नाव तुमचं असतं, वडिलांचं नाही.

आधी बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथलं रुपयांचं खातं, करून घ्या. मग एनआरओ डीमॅट उघडा, आणि जुन्या ब्रोकरकडे खातं बंद करून शेअर्स नव्या खात्यात पाठवण्याचा अर्ज द्या. त्यासोबत नव्या खात्याचा क्लायंट मास्टर रिपोर्ट, म्हणजे खात्याच्या तपशिलाचा कागद, लागतो. दोन्हीकडे नाव आणि पॅन तुमचंच असल्यामुळे ही विक्री धरत नाहीत, टॅक्स लागत नाही, आणि पूर्ण खातं हलवून बंद करताना ट्रान्सफरचा चार्जही माफ असतो. पुढे तुम्हाला डिलिव्हरीच, म्हणजे शेअर्स खात्यात घेऊनच, व्यवहार करता येईल; त्याच दिवशी घेऊन विकायचं इंट्राडे बंद. विकल्यावर टीडीएस कापूनच पैसे येतील. टॅक्स भरून एनआरओमधून एका आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, त्यामुळे पैसा अडकून पडेल ही भीती नको.

खरा विचार म्युच्युअल फंडांचा करा. तुम्ही जर्मनीला किंवा दुबईला निघाला असतात तर केवायसी बदला आणि चालू ठेवा, एवढंच म्हटलं असतं. अमेरिका मात्र भारतीय म्युच्युअल फंडाला पीएफआयसी मानते, म्हणजे कडक टॅक्स लावलेली परदेशी गुंतवणूक कंपनी. दरवर्षी साधारणपणे प्रत्येक फंडाचा 8621 हा वेगळा फॉर्म, आणि विकताना नफ्यावर वरच्या दरानं टॅक्स अधिक व्याज. तिथल्या सीएची फीच कधी कधी फंडाच्या परताव्याला गिळते. शिवाय अमेरिकेत राहणाऱ्यांकडून नवे पैसे न घेणारे फंडही आहेत, म्हणजे एसआयपी तशीही अडेल. तुम्ही तिथले करदाते होण्याआधी, म्हणजे विमानात बसण्याआधी फंड विकले तर इथला टॅक्स भरून प्रश्न मिटतो: वर्षावर ठेवलेल्या इक्विटी फंडाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर 12.5 टक्के. नंतर विकलेत तर अमेरिका तुमच्या मूळ खरेदीपासूनचा सगळा नफा मोजते, तिथे पोचल्यानंतरचा तेवढा नाही. मी तुमच्या जागी असतो तर फंड विकले असते आणि शेअर्स ठेवले असते. कंपन्यांच्या थेट शेअर्सना सहसा हा त्रास नसतो.

शेतीबद्दलही विचारलंय. नावावरची जमीन राहते, वारसानं येईल तीही चालते. अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. भावकीतलं एखादं रान घ्यायचं चाललं असेल तर हे आधी घरी सांगा.

भारतातली सगळी खाती मिळून वर्षात एकदा जरी 10,000 डॉलरच्या वर गेली तर अमेरिकेत एफबीएआर हा परदेशी खात्यांच्या माहितीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात टॅक्स नसतो, नुसती माहिती द्यायची असते, पण चुकवू नका.

निघण्याआधी सह्या शाखेत जाऊन करा, परदेशातून एका न जुळलेल्या सहीपायी कागद महिनोन् महिने फिरतात. ओटीपीसाठी इथलं सिम रोमिंगवर चालू ठेवा. आणि जुनं लॉगिन बंद व्हायच्या आत सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरनं दिलेल्या खरेदी-विक्रीच्या पावत्या, उतरवून घ्या. शेअर्स नव्या खात्यात जातात तेव्हा खरेदीचा भाव बहुतेकदा सोबत जात नाही, तो तुम्हाला हातानं भरावा लागतो.