उसातला बिबट्या, पार्किंगमधली घोणस आणि सोसायटीतली भांडणं

प्रश्न : आम्ही जुन्नर तालुक्यातले. ऊसतोड चालू असताना फडात बिबट्याची तीन पिल्लं सापडली. गावकरी म्हणतात पिंजरा लावा आणि सगळ्यांनाच लांब जंगलात सोडून या. वनखातं ऐकत का नाही?

दादा, आधी पिल्लांचं बघू. हात लावू नका, फोटोसाठी मांडीवर तर अजिबात घेऊ नका, तेवढ्या भागातली तोड थांबवा आणि वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन लावा. ते लोक पिल्लं तपासून संध्याकाळी जिथे सापडली तिथेच कॅरेटमध्ये ठेवतात, आपलं टोमॅटोचं असतं ना तसलं, मग अंधार पडल्यावर मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. पिल्लं उचलून नेलीत तर मादी तुमच्याच शिवारात सैरभैर फिरत राहणार, ते कोणाला परवडणारे?

आता लांब सोडायचं. हे तुमच्याच तालुक्यात करून झालंय हो. २००१ नंतर दोनतीन वर्षं धडाधड बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडले आणि हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, जिथे सोडले तिथेही वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी याचा बरीच वर्षं अभ्यास केलाय. २००९ मधे टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका नराला जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं होतं, त्याचं नाव ठेवलं आजोबा, तर हे आजोबा चालत चालत शंभराहून जास्त किलोमीटर तोडून थेट मुंबईच्या नॅशनल पार्कात! नेऊन सोडलेला प्राणी तिथे थांबतोच असं नाही, आणि इकडे त्याची जागा रिकामी झाली की दुसरा येतो, बऱ्याचदा तरणा आणि नवखा. कायमचं आत ठेवायचं म्हणाल तर पकडलेले बिबटे ठेवायचं माणिकडोहचं केंद्र काय रबराचं नाही.

म्हणजे बिबट्या राहणार हे धरूनच चालायचं. गोठा वरून पण बंद पाहिजे, नुसत्या ताट्या लावून भागत नाही. उकिरड्यावर मेलेल्या कोंबड्या टाकल्या की कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. संध्याकाळी पोरांना एकटं बाहेर सोडू नका. उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करणारा माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो म्हणून जोडीने जा, मोबाईलवर गाणी लावा. रात्री थ्री फेज मिळते म्हणून पाणी धरायला जावं लागतं हा मात्र तुमचा दोष नाहीच, तिथे दिवसा लाईट मागायलाच पाहिजे आणि माझ्या मते पिंजऱ्यापेक्षा ती मागणी जास्त कामाची आहे. शेळी गेली तर लगेच कळवून पंचनामा करून घ्या, मेलेलं जनावर पुरू नका.

प्रश्न : पुण्यात आमच्या सोसायटीत एक ताई भटक्या कुत्र्यांना गेटवरच खाऊ घालतात. कमिटीला कुत्री गाडीत घालून लांब सोडायचीत. चालेल का?

नाही चालणार. नियमाप्रमाणे नसबंदी आणि लस करून कुत्रं परत त्याच भागात सोडायचं असतं. सुप्रीम कोर्टाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही तेच आहे, अपवाद फक्त रेबीज झालेल्या किंवा आक्रमक कुत्र्यांचा. पण ताईंना पण सांगा, गेटवर, जिन्यात, मुलं खेळतात तिथे खाऊ घालणं चूकच, ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ पाहिजे. कान कापलेला दिसला तर समजा ऑपरेशन झालंय, नसेल तर महापालिकेला कळवा. आणि कोणाला चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची, मग त्याच दिवशी इंजेक्शन. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

प्रश्न : पार्किंगमधे अजगराचं पिल्लू दिसलं, वॉचमनने काठीने ढकललं तर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढला.

अहो तो अजगर नव्हे, घोणस असणार! अगदी विषारी, आणि या घोटाळ्यात माणसं हातात उचलतात. वॉचमनकाकांचं नशीब म्हणायचं. ती येते उंदरांसाठी, उंदीर येतात कचऱ्यासाठी, तेव्हा आधी जिन्याखालचं भंगार हलवा. दिसली की लांबून लक्ष ठेवा आणि वनखात्याला किंवा त्यांच्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवा. दंश झालाच तर करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे तर जाऊच नका, माणसाला चालवू नका, सरळ सरकारी दवाखान्यात न्या. प्रतिविष तिथे मिळतं.

प्रश्न : बाल्कनीत कबुतरांनी अंडी घातलीत, जाळी लावली तर पाप लागेल असं सासूबाई म्हणतात.

अंडी आहेत तोवर थांबा, ती फुटल्यावर पिल्लं साधारण महिन्याभरात उडून जातात, मग घरटं काढा, तोंडाला मास्क लावून विष्ठा ओली करून पुसा (कोरडी झाडू नका, ती धूळ फुप्फुसात जाते) आणि जाळी मारा. सासूबाईंना दमा असेल तर त्यांना त्या दिवशी बाल्कनीत फिरकू देऊ नका. आणि वरच्या मजल्यावरचे काका रोज ज्वारी टाकत असतील तर त्यांच्याशी तुम्हालाच बोलावं लागेल, मला नका पाठवू.