उलटतपासात कागद कधी काढायचा

वाटणीच्या दाव्यातला तुझा पहिलाच उलटतपास आहे, म्हणून सांगतो. कागद हाती आहे म्हणून लगेच साक्षीदारापुढे धरू नकोस. आधी त्याला पक्कं बांधून घे. समज, तो शपथेवर म्हणतोय, 'वाटणी कधी झालीच नाही.' मग विचार: तुमचा सातबारा वेगळा आहे ना? पीककर्ज स्वतःच्या नावावर काढता? न वाचता कुठे सही करत नाही ना? हे रेकॉर्डवर आलं की मगच वाटणीच्या फेरफाराचा, म्हणजे महसुली नोंद बदलण्याचा, अर्ज दाखव आणि एवढंच विचार, 'ही सही तुमची?' कबूल केली की कोर्टाला निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, द्यायची विनंती कर आणि पुढच्या मुद्द्यावर जा. 'मग आता खोटं का बोलता?' असं चुकूनही विचारू नकोस. 'कोऱ्या कागदावर सही घेतली होती' म्हणायला तूच त्याला संधी देशील.

आधीच्या लेखी जबाबाशी विसंगती दाखवायची असेल, तर नेमका तो भाग त्याच्या निदर्शनास आणावाच लागतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 148, म्हणजे जुन्या पुरावा कायद्यातलं 145, नीट वाच.

कागद आधी दाखल नसला तरी उलटतपासात दाखवता येतो, साक्षीदार स्वतः पक्षकार असला तरीही. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हे स्पष्ट केलंय.

आणि नुसत्या फेरफारावर विसंबू नकोस. महसुली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी धरतात, मालकी तिने मिळत नाही. नोंदीमागचा अर्ज आणि जबाब यांच्या प्रमाणित नकला तहसीलमधून तारखेच्या बऱ्याच आधी काढून ठेव.