वाघ्या वाईट नाहीये, पण कडी लावायचीच

"मावशी, माझं माहेर अमरावती, सासर घाटंजीकडे एका खेड्यात. माझी पॉमेरेनियन गुड्डी, 2.5 किलोची, दीड वर्षाची, मी लग्नानंतर सोबत आणली. इथे वाघ्या आहे, गावठी न् अल्सेशियन मिक्स, 35 किलोचा. चार महिने दोघं मस्त राहिले, गुड्डी त्याच्या पोटाला टेकून झोपायची. मागच्या सोमवारी ती कोंबडीमागे पळाली, कुंपणाच्या तारेत पाय अडकला, जोरात किंचाळली आणि वाघ्यानं धावत येऊन तिला पाठीत धरून झटकलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओरडले म्हणून सोडलं. दोनच दात लागले, हळद भरली. हे म्हणतात खेळत होता तो. सासूबाई म्हणतात, तिले माहेरी ठेवून ये. नणंद म्हणते वाघ्यालाच जंगलात सोडा. त्या रात्री सासूबाईंनीच तिला गोधडीत घेतलं, मी तर रडतच होते. मावशी, मी कोणाला निवडू?"

पोरी, निवडायचं ते नंतर पाहू, आधी हे सांग की गुड्डीला डॉक्टरला दाखवलं का? दोनच दात लागले, हळद भरली, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. मोठ्या कुत्र्यानं लहान कुत्र्याला धरून झटकलं की वरून दोन टिकल्यांएवढी भोकं दिसतात आणि आत कातडं मांसापासून सुटलेलं असतं, बरगडी मोडलेली असू शकते, पू होतो, आणि पॉमेरेनियनच्या एवढ्या केसांत तो दिसत पण नाही. आमच्या शेजारच्या पिल्लाचं असंच झालं होतं, दोन दिवस चांगलं खात होतं न् तिसऱ्या दिवशी उठलंच नाही, आम्हीही सगळे हळदच लावत बसलो होतो. तेव्हा अजून गेली नसशील तर आजच जा. गावातल्या ढोरांच्या डॉक्टरला दाखव, एक्स-रे लागला तर यवतमाळला विचार, नाही तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर व्हेटर्नरी कॉलेज आहे तिथे ने. आणि दोघांची रेबीजची इंजेक्शनं झालीयेत का ते कार्ड काढून पाहा. सोडवताना मामाजींच्या हाताला दात-बित लागला असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं असतं, ते राहिलं असेल तर आत्ता धुवा आणि सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला लावच, त्या रोगाची लक्षणं दिसल्यावर मग उपाय उरत नाही.

आता वाघ्याचं. तो खेळत नव्हता, तुझ्या नवऱ्याला सांग. पण तो खुनशी पण नाहीये. लहानसं काहीतरी सुसाट पळतं, अडकतं, किंचाळतं, आणि कुत्र्याच्या डोक्यात एका सेकंदात गुड्डी राहतच नाही, ससा होतो. घुशीला धरून झटका देतात ना तोच झटका हा. चार महिन्यांची दोस्ती खोटी नव्हती गं, फक्त त्या एका सेकंदात ती कामी येत नाही. आणि वजनाचा हिशेब कर, 14 पट. तू 55 किलोची असशील तर तुझ्यासमोर 770 किलोचा रानगवा, तो कितीही प्रेमळ असला तरी त्यानं खेळात पाय ठेवला की झालं. म्हणून राग आला का, प्रेम आहे का, हे प्रश्नच बाजूला ठेव.

म्हणजे करायचं काय, तर दोघं एकत्र मोकळे आणि जवळ कोणी नाही, असं परत कधीच होऊ द्यायचं नाही. मी चुलीवरचं दूध पाहून येते, तेवढं पण नाही. खेड्यात आपलं घर म्हणजे सगळी दारं उघडी, कोणी वावरातून येऊन राहिलं, कोणी कापूस वेचायला निघालं, फाटक कोणी लावत नाही. म्हणून माणसांच्या लक्षात राहण्यावर सोडू नको, स्वयंपाकघराच्या दाराला कमरेएवढं जाळीचं फाटक लावून घे, गावातला वेल्डिंगवाला एका दिवसात करून देईल, गज जवळजवळ लावायला सांग नाही तर गुड्डी त्यातून निसटेल. वाघ्याला दिवसा बांधत असाल तर त्याची साखळी ताणून जेवढा गोल होतो तेवढा चुन्यानं आखून ठेव. गुड्डी त्या गोलात जायची नाही, आणि वाघ्याचं खाणं-पाणी त्या गोलातच. जेवण दोघांचं वेगळ्या खोलीत, हाड दिलं असेल तर मधे दार बंदच. पण दिवसभर बांधलेलं कुत्रं आतून धुमसत असतं, हे मामाजींना सांग. सकाळ-संध्याकाळ त्याला वावराच्या धुऱ्यानं लांब फिरवून आणायचं. रात्री रानडुकरांसाठी त्याला सोडता, तर त्याच्या आधी गुड्डीची शू-शी आटपून तिला आत घ्यायचं. तसंही टिपेश्वरचं जंगल तिकडून जवळच, रात्री अंगणात बिबट पण येऊ शकतो, बिचाऱ्या वाघ्याचंच नाव का घ्यायचं.

पुन्हा भेटवायचंच असेल तर जखम भरल्यावर, आणि अंगणात नाही, वावराच्या रस्त्यावर. वाघ्या मामाजींच्या हातात, फिरून दमलेला, गुड्डी तुझ्या हातात, गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घे, या जातीची श्वासनळी नाजूक असते. 15 फूट अंतर ठेवून एकाच दिशेनं चालायचं. त्यानं तिच्याकडे पाहून मान वळवली की भाकरीचा तुकडा. पण तोंड मिटलेलं, अंग ताठ, डोकं खाली घालून एकटक तिच्याकडेच पाहून राहिला की तिथूनच परत फिरा. गुरगुरला म्हणून काठी हाणू नका हं, गुरगुरणं म्हणजे तो आधी सांगतोय. मारून ते बंद केलं की पुढच्या वेळी न सांगताच चावेल. आणि गुड्डीला उचलून त्याच्या तोंडासमोर लटकवत ठेवू नको, तो उडी मारेलच. आणि परत पकडलीच तर ओढाओढी नको, जबडा उघडायला हात तर बिलकुल घालू नका. बादलीभर पाणी तोंडावर फेका, नाही तर दोन भांडी आपटा.

एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस म्हणून विचारते, गुड्डीचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का? नसेल तर चावण्यापेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटून राहिली. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते. तेव्हा वाघ्यानं तिला गाठलं तर तेवढ्यात पण ती दुखावेल, आणि पोटात पिल्लं राहिली तर ती तिच्या मापाची नसण्याची भीती, साधारण 63 दिवसांनी अडकली तर मग सिझरच. गावात रात्री सिझर करायला कोण आहे गं? पाठ बरी झाली की आधी हे उरकून घे. वाघ्याचं पण करून घेतलं तर उत्तमच, मामाजी नाही म्हणतील, म्हणू दे, दोनदा विचार.

नणंदेला स्पष्ट सांग, जंगलात सोडायचं नाही. घरच्या भाकरीवर वाढलेला जीव तिथे भुकेनं मरेल, नाही तर बिबट्याच्या तोंडी जाईल, आणि पाळलेलं जनावर असं टाकून देणं कायद्यानं गुन्हा आहे. हे सगळं करून पण वाघ्याची नजर तिच्यावरून हटतच नसेल, तर गुड्डीला आईकडे ठेवणं म्हणजे हरणं नाहीये, पण ते दोन महिने प्रामाणिकपणे करून पाहिल्यावर.

आणि सासूबाई. माहेरी ठेवून ये हे वाक्य तू चार दिवस मनात धरून बसलीस, पण त्याच बाईनं रात्री तिला गोधडीत घेतलं हेही तूच लिहिलंय ना. घाबरल्यात त्या, बाप्पा. त्या जाळीच्या फाटकाची कडी लावायचं काम त्यांच्याकडेच दे, घरात कोण कधी बाहेर गेलं न् कोण आलं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

— तुझी मावशी