आधी सीडी वाचवा, डिस्ट्रोचं नंतर बघू

सांगलीच्या विश्रामबागमधल्या मित्राचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला, जुना पीसी ११ घेत नाही, म्हणून लिनक्स टाकायचंय. शिवाय गावभागातल्या घरी जुन्या गेम्सच्या सीडींचा खोका सापडलाय, २०१९च्या पुरात भिजलेला. त्या सीडी लिनक्सवर चालतील का?

बऱ्याचशा चालतील. पण कोणती डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा प्रकार), मिंट की फेडोरा, यावर डोकं शिणवण्याआधी सीडींकडे बघा. वाळलेला चिखल खसाखसा पुसू नका. साध्या पाण्यात भिजून सुटू द्या, मग मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसलं की ओरखडा ट्रॅकच्या दिशेने पडतो आणि तिथे ड्राइव्ह हात टेकतो. खरी नाजूक बाजू छापील असते. ॲल्युमिनियमचा थर तिच्या लगेच खाली, वर फक्त लॅकर. उजेडासमोर धरून टाचणीएवढी भोकं दिसली, तर तिथला डेटा गेला समजा.

मग यूएसबी ड्राइव्ह जोडून डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने इमेज, म्हणजे सीडीची फाइलमधली हुबेहूब प्रत, काढा. ते सहज वाचता येणारं आधी उचलतं, अडलेल्या जागी नंतर परत येतं. मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) ठेवलीत तर उरलेलं काम दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे नेता येतं, आणि एकाला न वाचलेलं दुसरा कधीकधी वाचतो. मेख एवढीच की १९९६च्या क्वेकसारख्या सीडीत संगीत ऑडिओ ट्रॅक म्हणून असतं. तिची नुसती आयएसओ (फक्त डेटाची इमेज) केलीत तर गेम चालेल, पण संगीत गायब. अशांसाठी सीडीआरडीएओ हा प्रोग्राम वापरून बिन-क्यू जोडी करा, म्हणजे एका फाइलीत सगळी सीडी आणि दुसरीत ट्रॅकची यादी.

चालवणं त्यामानाने सोपं. डॉसचे (विंडोजआधीच्या काळातले) गेम डॉसबॉक्समध्ये, विंडोजचे वाइनमध्ये; हे दोन्ही प्रोग्राम ते गेम लिनक्सवर चालवतात. दोन्ही सांभाळायला ल्युट्रिस. नव्वदीतल्या कित्येक गेम्सचा इन्स्टॉलर १६ बिटचा असतो, ६४ बिट विंडोज त्याला दारातच अडवतं, वाइनमध्ये तो बहुतेकदा चालतो. स्टीम या ऑनलाइन दुकानातल्या गेम्ससाठी २०१८पासून प्रोटॉन, म्हणजे वाइनवरच बेतलेलं साधन, आहेच. मात्र घरात कुणी व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट खेळत असेल तर त्यांना लिनक्सचं नाव काढू नका. अँटी-चीटमुळे (फसवेगिरी रोखणाऱ्या प्रोग्राममुळे) ते तिथे चालत नाहीत.

सेफडिस्कवाले (नक्कल रोखणारं कुलूप असलेले) गेम त्रास देतील. त्याचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने विंडोज १०मधून काढूनच टाकला, आणि वाइनमध्येही दर वेळी जमतं असं नाही. तो गेम जीओजीवर (जुने गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) मिळत असेल तर मी सरळ तिथून घेईन, सीडी कपाटात. मार्करने नाव लिहिलेल्या, म्हणजे कॉपी करून राइट केलेल्या सीडी (आपल्याकडे त्याच जास्त, कबूल करूया) संग्रहात धरू नका. त्यांचा डायही (डेटा धरणारा रंगाचा थर) लवकर उतरतो.

मॅन्युअलची पानं चिकटली असतील तर ओढू नका. सीडी-की (इन्स्टॉल करताना विचारला जाणारा कोड) बऱ्याचदा त्याच्या मागच्या पानावर किंवा डबीवर चिकटवलेली असते, आणि ती शाई पुसट होते. तिचा फोटो आजच काढून ठेवा.